विमानाचे तिकीट काढताना क्रेडिट कार्डावर लागणारे जादा पैसे नेमके कशाचे?

प्रश्न : सावंतवाडीची शिक्षिका

नमस्कार. मी सावंतवाडीच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. गोव्यातला मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून आमच्यासारख्या तळकोकणातल्या कुटुंबांना विमानाचा प्रवास खरोखरच जवळचा झाला आहे. पूर्वी त्यासाठी दाबोळीला तरी जावे लागे किंवा रात्रभर गाडीत बसून मुंबई गाठावी लागे. म्हणूनच नणंदेच्या मुलाच्या दिल्लीतील लग्नासाठी आम्हां पाच जणांची मोपा ते दिल्ली आणि परतीची तिकिटे मी स्वतः एका विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून काढली. त्या व्यवहारात जे घडले ते मला अजून नीट उलगडलेले नाही, म्हणून आकड्यांसह इथे मांडते.

पहिल्या पानावर करांसह भाडे एका माणसाला एका बाजूचे ५,२०० रुपये दाखवले होते. पाच माणसे आणि दोन बाजू मिळून ५२,००० रुपये होतात, आणि तेवढीच रक्कम मी मनात धरली होती. सगळ्यांची नावे, जन्मतारखा, फोन नंबर भरले. आसन निवडण्याचे, जेवणाचे आणि विम्याचे पर्याय एकेक करून नाकारले. आणि शेवटच्या पानावर क्रेडिट कार्ड निवडताच एकूण रक्कम ५५,५०० झाली. वाढलेल्या ३,५०० रुपयांपुढे ‘कन्व्हिनियन्स फी’ एवढेच लिहिले होते. वर घड्याळाचे आकडे उतरत होते, यजमान म्हणत होते की पुन्हा सुरुवात केली तर भाडे चढेल, आणि मी ओटीपी भरून मोकळी झाले.

नंतर मेलवर आलेले तपशीलवार बिल वाचले, तेव्हा हे शुल्क दर प्रवाशाला, दर बाजूला ३५० रुपये असे दहा वेळा लावल्याचे कळले. दुसऱ्या दिवशी त्याच मार्गासाठी पुन्हा माहिती भरून पैसे भरण्याच्या पानापर्यंत गेले आणि यूपीआय निवडून पाहिले, तर तिथे ३५० च्या जागी २५० दिसले. मी एकदाच कार्ड वापरले, एकदाच ओटीपी भरला, बँकेकडे एकच व्यवहार नोंदला गेला. मग अधिभार दहा वेळा कसा? याच हाताने मी कोकणकन्येचे पाच जणांचे वातानुकूलित डब्याचे तिकीट काढते, तेव्हा आयआरसीटीसी सबंध तिकिटाला मिळून ३० रुपये आणि त्यावर जीएसटी घेते, यूपीआयने भरले तर २० रुपये. एका तिकिटावर सहा जण बसवले तरी त्यात बदल होत नाही.

त्यातच आठवड्याभराने सासऱ्यांची तब्येत बिघडल्यामुळे त्यांचे तिकीट रद्द करावे लागले. रद्द करण्याचे शुल्क कापले जाणार हे मी गृहीत धरले होते, पण त्यांच्या नावाचे कन्व्हिनियन्स फीचे ७०० रुपयेही परत आले नाहीत. ही फी परत मिळत नाही, असे कंपनीने कळवले.

माझे प्रश्न असे आहेत. क्रेडिट कार्ड वापरल्याबद्दल विमान कंपनी एवढा अधिभार घेऊ शकते का? बँक खरोखरच तिच्याकडून एवढे पैसे घेते का? आणि पुढच्या वेळी हे टाळायचे असेल तर मार्ग कोणता? ज्यांना या व्यवहाराची आतून माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : कुडाळ, निवृत्त बँक अधिकारी

ताई, तुम्ही यूपीआयचा आकडा पाहून ठेवलात हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर त्या १०० रुपयांच्या फरकात दडलेले आहे. मी नोकरीची शेवटची काही वर्षे व्यापाऱ्यांना कार्डाची यंत्रे आणि ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सोय देणाऱ्या विभागात काढली, त्यामुळे हे जरा खोलात जाऊन सांगतो.

कार्डाने पैसे भरले की व्यापाऱ्याच्या हातात पूर्ण रक्कम पडत नाही. त्यातून एक हिस्सा कापला जातो, त्याला एमडीआर म्हणतात. त्याचा सर्वांत मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, थोडा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारख्या जाळ्याकडे जातो आणि उरलेला व्यापाऱ्याच्या बँकेला व पेमेंट गेटवेला मिळतो. डेबिट कार्डासाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली आहे : मोठ्या व्यापाऱ्याला जास्तीत जास्त ०.९० टक्के, आणि तेही एका व्यवहाराला १,००० रुपयांच्या वर नाही. ही रक्कम व्यापारी ग्राहकाच्या माथी मारणार नाही हे बँकांनी पाहावे, असेही त्याच आदेशात सांगितले आहे. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांच्यावर तर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. क्रेडिट कार्डाला मात्र अशी कमाल मर्यादा नाही. तिथे दर करारावर ठरतो आणि साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असतो; मोठ्या कंपन्या घासाघीस करून तो खाली आणतात.

आता तुमचे आकडे घेऊ. ५२,००० रुपयांवर दोन टक्के म्हणजे १,०४० रुपये. एमडीआरवर १८ टक्के जीएसटीही लागतो, पण कंपनीला त्याची वजावट मिळू शकते, म्हणून तो बाजूला ठेवू. यूपीआयपेक्षा तुमच्याकडून दर तिकिटामागे १०० रुपये जादा घेतले, म्हणजे दहा तिकिटांचे १,०००. कंपनीला बँकेकडे मोजाव्या लागणाऱ्या पैशांच्या हा आकडा अगदी जवळ आहे. तेव्हा कार्डाचा अधिभार म्हणायचाच असेल तर तो या १,००० रुपयांनाच म्हणावा लागेल.

उरलेल्या २,५०० रुपयांचा कार्डाशी काहीही संबंध नाही. ज्या यूपीआयवर कंपनीला एमडीआर म्हणून एक पैसाही द्यावा लागत नाही, त्यावरही ते घेतले जातात. संकेतस्थळ चालवण्याचा खर्च, फोनवर उत्तरे देणाऱ्यांचे पगार, असे काहीही कारण कंपनी सांगू शकेल. पण पैसे भरण्याच्या पानावर, कार्डाच्या चित्राशेजारी ती रक्कम उभी केल्यामुळे सगळे ग्राहक ती बँकेच्या नावावर मांडतात. बँकेच्या खिडकीवर बसून अशा तक्रारी मी वर्षानुवर्षे ऐकल्या आहेत, आणि ज्या पैशातला छदामही बँकेला मिळाला नाही त्याबद्दल लोकांची बोलणी खाल्ली आहेत. तुमचे भांडण खरे या २,५०० रुपयांशी आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. एमडीआर टक्केवारीने चालतो आणि हे शुल्क ठोक रकमेचे आहे. समजा, कोणाला सवलतीत २,५०० रुपयांचे तिकीट मिळाले, तर ३५० रुपये म्हणजे त्याच्या भाड्याच्या १४ टक्के होतात. आयत्या वेळी २०,००० रुपयांचे तिकीट काढणाऱ्याला तेच ३५० रुपये पावणेदोन टक्के पडतात. केवळ कार्डाचे १०० रुपये धरले तरी ५,००० रुपयांच्या खालच्या तिकिटावर ते दोन टक्क्यांहून जास्त होतात आणि त्याच्या वरच्या तिकिटावर कमी. म्हणजे तीन महिने आधी बसून स्वस्त तिकीट शोधणाऱ्या माणसावर हा बोजा सर्वांत जड पडतो. मला या पद्धतीतला हा भाग सर्वांत अन्यायाचा वाटतो.

सावंतवाडीची शिक्षिका

काका, मनापासून आभार. मी सगळे ३,५०० रुपये कार्डाच्या नावावर धरत होते आणि कार्ड बंद करण्याचा अर्जही लिहून ठेवला होता. आता विचारते, ते १,००० रुपये वाचवण्यासाठी पुढच्या वेळी सरळ यूपीआय वापरावे का? शाळेतील एका सहकाऱ्याने रुपेचे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडले आहे. त्यामुळे कार्डही राहते आणि शुल्कही यूपीआयचे लागते, असे त्याचे म्हणणे आहे.

कुडाळ, निवृत्त बँक अधिकारी

सहकाऱ्याच्या म्हणण्यावर विसंबून राहू नका. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येते हे खरे, पण एमडीआरची माफी त्यात लहान व्यापाऱ्यांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांपुरती आहे. विमान कंपनीसारख्या मोठ्या व्यापाऱ्याला तो व्यवहार क्रेडिट कार्डासारखाच पडतो. त्यामुळे बचत खात्यातून जाणारे यूपीआय आणि कार्डातून जाणारे यूपीआय यांना एकच शुल्क लागेल असे धरून चालू नये. ओटीपी किंवा पिन भरण्यापूर्वीची शेवटची रक्कम पाहावी आणि मगच पुढे जावे.

कार्ड वापरावे की नाही याचे उत्तर दोन गोष्टींवर ठरते. पहिली गोष्ट म्हणजे बिल मुदतीत पूर्ण फेडण्याची शिस्त. ती असेल तर पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात आणि काही गुण जमा होतात. तुमच्या कार्डावर शंभराला एक रुपया परत मिळतो असे समजले तर ५२० रुपये होतील, म्हणजे १,००० रुपयांचा अधिभार त्यातून भरून निघत नाही. बिल थकले तर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते आणि मग हा सगळा हिशेबच व्यर्थ ठरतो.

दुसरी गोष्ट चार्जबॅकची. पैसे घेऊन सेवा दिलीच नाही, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे तो व्यवहार नाकबूल करून व्यापाऱ्याच्या बँकेकडून रक्कम परत मागता येते. त्याला ठरावीक मुदत असते, म्हणून वेळ दवडता येत नाही. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, आणि गो फर्स्टची ३ मे २०२३ पासून. अशी वेळ आली की रोखीने किंवा थेट खात्यातून पैसे भरलेला प्रवासी दिवाळखोरीच्या कामकाजात घेणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, आणि कार्डाने भरलेल्याला निदान बँकेचे दार ठोठावता येते. कंपनीची आर्थिक स्थिती डळमळीत असल्याच्या बातम्या येत असतील, किंवा प्रवास चार-पाच महिन्यांनी असेल, तर शंभर रुपये जादा देऊन मी स्वतः कार्डच वापरतो. पंधरा दिवसांवरच्या प्रवासाला यूपीआय पुरेसे आहे.

पैसे कापले गेले आणि तिकीट निघालेच नाही, असे झाले तर मात्र कार्ड आणि यूपीआय दोन्हींना सारखेच संरक्षण आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, आणि त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. आमच्याकडे पावसाळ्यात नेटवर्क गेले की हा प्रसंग हटकून येतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

उत्तर : रत्नागिरी, तिकिटांचा व्यवसाय

मी बावीस वर्षे रत्नागिरीत विमानाची तिकिटे काढून देण्याचा व्यवसाय करतो. माझी निम्म्याहून जास्त गिऱ्हाइके आखाती देशांत नोकरी करणारी आहेत. खेड, मंडणगड, राजापूर अशा भागांतून माणसे येतात. ताईंनी विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे हे पैसे टाळण्याच्या मार्गावर, माझ्या बाजूने लिहितो. यात माझा स्वार्थ आहे हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, म्हणून आकडेही उघडे मांडतो.

आम्ही एजंट लोक विमान कंपनीच्या ग्राहकांसाठी असलेल्या पानावरून तिकीट काढत नाही. आमची रक्कम मोठ्या एजन्सीकडे किंवा कंपनीच्या एजंटांसाठी असलेल्या खात्यात आगाऊ जमा असते आणि तिकीट निघाले की त्यातून वळती होते. त्यामुळे ही कन्व्हिनियन्स फी माझ्या तिकिटावर येत नाही. त्याऐवजी मी माझे सेवाशुल्क लावतो. माझ्या दुकानात देशांतर्गत जाण्यायेण्याच्या तिकिटाला माणशी २०० रुपये आहे, म्हणजे ताईंच्या पाच जणांचे १,००० झाले असते. त्यावर जीएसटीचा हिशेब वेगळा असतो. विमानाच्या एजंटाला देशांतर्गत प्रवासात मूळ भाड्याच्या ५ टक्के आणि परदेशच्या प्रवासात १० टक्के एवढे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर भरण्याची सोय नियमात आहे, आणि मी त्याच पद्धतीने भरतो. ५२,००० पैकी मूळ भाडे ४०,००० असेल तर त्याचे ५ टक्के २,००० आणि त्यावरचा कर ३६० रुपये. म्हणजे एकूण १,३६० रुपये जादा, ताईंनी भरलेल्या ३,५०० रुपयांच्या जागी. सगळीकडे हाच दर असेल असे नाही. एजंटाला आधीच विचारावे आणि बिलात सेवाशुल्क वेगळे लिहून घ्यावे. कित्येकदा कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावर एखाद्या बँकेच्या कार्डासाठी अशी सवलत काढते की माझ्याकडे येण्यात गिऱ्हाइकाचे नुकसान होते. तेव्हा मी स्वतःच त्यांना घरी बसून तिकीट काढायला सांगतो.

आता त्याच नाण्याची माझ्याकडची बाजू. कोणी माझ्या दुकानात येऊन ४०,००० रुपयांच्या कुवेतच्या तिकिटासाठी क्रेडिट कार्ड पुढे केले, तर मशीनवर माझे ८०० रुपये जातात, आणि त्या तिकिटात माझी कमाई अनेकदा त्याहूनही कमी असते. म्हणून बाजारातले पुष्कळ व्यावसायिक कार्डाला दोन टक्के वेगळे मागतात. मी मागत नाही. भाव एक सांगायचा आणि कार्ड काढल्यावर दुसरा, हे मला पटत नाही. त्याऐवजी मी आधीच विनंती करतो की यूपीआय किंवा बँकेतून रक्कम पाठवा. पण कार्डाचा खर्च खरा आहे, तो कोणाच्या तरी पदरातून जातो, हे मान्य करूनच कुडाळच्या काकांनी केली तशी विभागणी करावी.

परदेशी कंपनीच्या तिकिटात आणखी एक छुपा खर्च आहे, आणि आखातात माणसे असलेल्या घरांनी तो जरूर समजून घ्यावा. तिकडच्या संकेतस्थळावर दिरहम किंवा दिनारमध्ये पैसे भरले तर भारतीय कार्डावर बँक चलन बदलण्याचे साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावते. ते टाळण्यासाठी संकेतस्थळ रुपयांत भरण्याचा पर्याय पुढे करते, पण त्यात चलनाचा दर त्यांच्या सोयीचा असतो, आणि व्यापारी परदेशातला असल्यामुळे काही बँका त्यावरही वेगळे शुल्क लावतात. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने मला दाखवलेल्या बिलात तिकिटाच्या रकमेपेक्षा दीड हजार रुपये जास्त गेले होते, आणि विमान कंपनीच्या पावतीवर त्यातला एक रुपयाही दिसत नव्हता. तो सगळा कार्डाच्या महिनाअखेरच्या बिलात होता.

उत्तर : अलिबाग

मी ग्राहक आयोगापुढे चालणाऱ्या प्रकरणांत काम करतो. पहिल्या प्रश्नातील कायद्याचा भाग अजून कोणी घेतलेला नाही, म्हणून लिहितो.

विमान कंपनी आपले भाडे आणि शुल्क स्वतः ठरवू शकते. त्यामुळे कन्व्हिनियन्स फी घेणे हाच गुन्हा आहे, असे म्हणता येणार नाही. प्रश्न येतो तो ती केव्हा आणि कशी दाखवली याचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. संकेतस्थळांवर ग्राहकाला चकवणाऱ्या रचनांचे तेरा प्रकार त्यांत सांगून त्यांना मनाई केली आहे. किमतीतले घटक सुरुवातीला न सांगता टप्प्याटप्प्याने उघड करणे, म्हणजेच ‘ड्रिप प्रायसिंग’, हा त्यांतला एक प्रकार आहे, आणि सूचनांमध्ये त्याचे उदाहरणच विमानाच्या तिकिटाचे दिले आहे : पानावर एक किंमत दाखवायची आणि पैसे भरताना त्याहून जास्त घ्यायची. ग्राहकाने न मागितलेली सेवा, जसे विमा किंवा देणगी, आपोआप बिलात घालणे आणि खोटी घाई निर्माण करणे हेही त्या तेरांत आहे. ताईंनी सांगितलेले उतरते घड्याळ त्यात बसते की नाही हे एकदम सांगता येणार नाही, कारण तेवढ्याच वेळासाठी भाडे खरोखर राखून ठेवलेले असू शकते.

कंपनीचा बचाव असा असतो की, पहिल्या पानाच्या तळाशी ‘कन्व्हिनियन्स फी वेगळी’ असे लिहिलेले होते. म्हणून माझा आग्रह आहे की, तिकीट काढताना पहिल्या पानाचे, शुल्काच्या तपशिलाचे आणि शेवटच्या पानाचे छायाचित्र मोबाइलवर घेऊन ठेवावे. ताईंनी दुसऱ्या दिवशी यूपीआयचा आकडा पाहिला तेव्हाचा स्क्रीनशॉट त्यांच्याकडे असेल तर तो जपून ठेवावा. शून्य एमडीआर असलेल्या मार्गावरही शुल्क लागते, एवढे त्यातून स्पष्ट दिसते.

सासऱ्यांच्या तिकिटाबद्दल. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परताव्याच्या नियमांनुसार रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. तिकीट न वापरल्यास सरकारी कर, विमानतळाचे वापरकर्ता शुल्क, विकास शुल्क आणि प्रवासी सेवा शुल्क परत करावेच लागते. सवलतीच्या, परतावा नसलेल्या तिकिटावरसुद्धा. परतावा देण्याच्या कामासाठी कंपनीला वेगळे पैसे घेता येत नाहीत, आणि क्रेडिट कार्डाने भरलेली रक्कम सात दिवसांत कार्डावर परत यावी लागते. कन्व्हिनियन्स फी परत करावीच, असे त्या यादीत नाही, म्हणून ७०० रुपये मिळण्याची खात्री मी देणार नाही. पण आलेला परतावा ओळीओळीने तपासावा. मी पाहिलेल्या प्रकरणांत फीवर भांडत बसलेल्या प्रवाशाचे विमानतळ शुल्कच परत आलेले नव्हते, आणि ती रक्कम फीपेक्षा मोठी होती.

तक्रारीचा क्रम सांगतो. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करावा. मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा संकेतस्थळावर आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. त्यानेही भागले नाही तर जिल्हा आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेच दावा लावता येतो, म्हणजे ताईंना दिल्लीला किंवा गुरगावला जाण्याचे कारण नाही, सिंधुदुर्गनगरीत काम होईल. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फीही नाही.

उत्तर : देवगड

माझा धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात असतो, त्यामुळे तिथला अनुभव थोडक्यात सांगतो, कारण तो ताईंच्या प्रश्नाशी अगदी जुळतो. तिथल्या विमान कंपन्याही पूर्वी कार्डासाठी दर प्रवाशाला ठोक रक्कम लावत असत, आणि स्वस्त तिकिटावर ती बोचत असे. तिथल्या रिझर्व्ह बँकेने १ सप्टेंबर २०१६ पासून मोठ्या व्यापाऱ्यांना नियम घातला की, कार्ड स्वीकारायला जेवढा खर्च येतो त्याहून जास्त अधिभार घेता येणार नाही. त्यानंतर मोठ्या विमान कंपन्यांना ठोक रक्कम सोडून टक्केवारीवर यावे लागले. ब्रिटन आणि युरोपीय संघाने तर १३ जानेवारी २०१८ पासून सामान्य ग्राहकांच्या कार्डावर असा अधिभार घेण्यालाच बंदी केली. त्यांना ते जमले याचे एक कारण असे की, युरोपने त्याआधीच कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा क्रेडिट कार्डाला ०.३ टक्के आणि डेबिट कार्डाला ०.२ टक्के एवढ्यावर आणून ठेवला होता. आपल्याकडे क्रेडिट कार्डाच्या त्या वाट्याला मर्यादा नाही, म्हणून नुसती बंदी घातली तर तो खर्च सगळ्यांच्या भाड्यात मिसळला जाईल, यूपीआयने भरणाऱ्यांच्यासुद्धा. मला ऑस्ट्रेलियाचा नियम आपल्याला जास्त जवळचा वाटतो : खर्च येईल तेवढाच घ्या, आणि तो टक्केवारीने घ्या.

सावंतवाडीची शिक्षिका

सर्वांचे आभार. काल रात्री बसून परताव्याचा कागद ओळीओळीने तपासला. अलिबागच्या वकील साहेबांनी सांगितले ते खरे निघाले : सासऱ्यांच्या परतीच्या प्रवासाचे दिल्ली विमानतळाचे शुल्क परत आले आहे, पण मोप्याचे आलेले नाही. कंपनीला मेल केला आहे. त्यात तेवढी रक्कम वेगळी मागितली आहे, आणि ७०० रुपयांच्या फीबद्दल विचारले आहे की, यूपीआयवर एमडीआर शून्य असताना २५० रुपये कोणत्या खर्चापोटी घेतले जातात. १९१५ वर नोंद करून तक्रार क्रमांक घेतला. स्क्रीनशॉट सुदैवाने माझ्याकडे आहे; त्यावर तारीख आणि वेळ दोन्ही दिसतात.

रत्नागिरीच्या भाऊंना एक विचारायचे आहे. मे महिन्यात आई-वडिलांना बंगळूरला पाठवायचे आहे आणि तिकिटे आत्ताच काढायची आहेत. एजंटाकडून काढलेले तिकीट रद्द झाले तर पैसे तुमच्याकडे मागायचे की कंपनीकडे? आणि तेव्हा कार्डाचे चार्जबॅकचे संरक्षण राहते का?

रत्नागिरी, तिकिटांचा व्यवसाय

ताई, नियमाप्रमाणे परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते, कारण आम्ही तिचे नेमलेले प्रतिनिधी धरले जातो. मात्र पैसे आमच्या खात्यातून गेलेले असल्यामुळे ते आधी आमच्या खात्यात येतात आणि मग तुमच्याकडे, म्हणून थेट काढलेल्या तिकिटापेक्षा जास्त दिवस लागतात. तिकिटावर तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर आणि मेल घालायला लावा, म्हणजे उड्डाण रद्द झाल्याचा किंवा वेळ बदलल्याचा निरोप एजंटाच्या फोनवर अडकून राहत नाही. चार्जबॅकचे म्हणाल तर तुम्ही मला यूपीआयने दिलेत तर ते संरक्षण राहत नाही. मेपर्यंत अजून पाच महिने आहेत, तेव्हा कुडाळच्या काकांच्या हिशेबाने दोघांच्या चार तिकिटांवर ४०० रुपये जादा देऊन कार्डाने थेट काढलेली बरी. परतीची तारीख पक्की नसेल तर जाण्याची तिकिटे आत्ता काढा आणि येण्याची मागाहून पाहा. फी दर बाजूला लागत असल्यामुळे एकत्र काढण्यात त्या बाबतीत काही वाचत नाही.